भाडे, जोखीम आणि झीज
(व्याजाच्या दराचा थोडा इतिहास आणि आपल्या निधींचा विचार)

मुद्दलापेक्षा व्याज गोड, असे नातवंडास मांडीवर घेताना आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणतात. सावकारी हिशेबातील हे शब्द मायेच्या बोलीत इतके मुरून गेले आहेत की, ते उच्चारताना पैशाची आठवणही कोणास होत नाही. तथापि आज आम्हांस त्या शब्दांच्या मूळ अर्थाकडेच वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. आणि त्यास कारणही तसेच घडले आहे.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ह्या वर्षी आपल्या ज्ञातीच्या स्मारक-निधींची हकीकत लिहिण्याची आज्ञा आम्हांस केली. त्यानिमित्त जुनी दप्तरे चाळीत असता १९७१ सालची एक नोंद दृष्टीस पडली. आपल्या एका भगिनीने दिवंगत पतीच्या स्मरणार्थ संस्थेकडे एक हजार रुपये सुपूर्त केले होते. अट एकच : मुद्दलास हात लावू नये आणि व्याजातून दरसाल एका गरजू मुलीस शाळेची पुस्तके द्यावीत. पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या ठेवीस त्या वेळी बँका शेकडा सव्वासात व्याज देत. वर्षाचे साडेबहात्तर रुपये झाले. त्यातून पहिल्या वर्षी एका मुलीस सर्व पुस्तके, वह्या आणि वर एक दप्तर मिळाल्याचे कीर्दीत नमूद आहे. गेल्या वर्षीच्या व्याजात मात्र एक जाड पुस्तकही आले नाही. उरलेली रक्कम एका सभासदाने पदरची घातली, म्हणून त्या मुलीचा हिरमोड टळला.

येथे चमत्कार असा की, मुद्दलास कोणीही हात लावलेला नाही. पै न पै शाबूत आहे. विश्वस्तांनी कसूर केली नाही, हिशेबतपासनिसांनी कधी प्रतिकूल शेरा मारला नाही. मग त्या भगिनीचा निधी गेला कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही व्याजाच्या इतिहासात पुष्कळ मागे गेलो. जे हाती लागले ते सर्व ज्ञातिबंधुभगिनींच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

आमच्या समजुतीप्रमाणे व्याजाच्या दरात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिले भाडे : आपले द्रव्य दुसऱ्यास वापरावयास देऊन आपण थांबतो, त्या थांबण्याचा मोबदला. दुसरी जोखीम : ते परत येईल की नाही ह्या शंकेची किंमत. आणि तिसरी झीज : रुपया परत येईपर्यंत त्याची खरेदी करण्याची शक्ती जेवढी कमी होते, तिची भरपाई. इतिहासात ह्या तिन्ही गोष्टी एकामागून एक कशा प्रकट झाल्या, ते आता पाहू.

शास्त्रकारांचा विचार

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे दर स्पष्ट सांगितले आहेत. सामान्य कर्जास दरमहा शंभर पणांस सव्वा पण हा धर्म्य दर होय. व्यापारासाठी पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस. म्हणजे घरी बसून कर्ज घेणाऱ्यास वर्षास शेकडा पंधरा आणि जहाज हाकणाऱ्यास दोनशे चाळीस. हा फरक लोभाचा नव्हे, जोखमीचा आहे. ज्याचे जहाज बुडेल त्याचे कर्जही बुडेल, हे कौटिल्य जाणून होता.

मनुस्मृतीने मात्र दुसरीच कसोटी लावली. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. ज्यांच्याजवळ सर्वांत कमी, त्यांच्यावर सर्वांत अधिक भार! ह्या अन्यायावर शास्त्राची मोहोर उमटली होती हे आपण लपवू नये. आज ती मोहोर राहिली नाही. परंतु ज्याच्याजवळ तारण नाही त्यानेच सर्वांहून भारी व्याज द्यावे, हा प्रकार बाजारात अजूनही चालू आहे, हेही विसरू नये.

त्याच स्मृतिकारांनी एक मोठा बांधही घातला होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. हाच आपला दामदुप्पटीचा नियम. शंभर दिले तर फार तर दोनशे मिळतील. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानला. व्याजास कोठेतरी अंत असावा, ही समाजाची न्यायबुद्धी त्यात दिसते.

सुप्याची होळी

परंतु बांध कितीही चांगला असला तरी पाणी फटीतून वाट काढतेच. १८५५ साली कंपनी सरकारने व्याजाच्या कमाल मर्यादेचे कायदे रद्द केले आणि उभयपक्षी ठरेल तो दर कायदेशीर मानला. पुढे १८५९ साली मुदतीचा कायदा आला. त्यान्वये कर्जाचे खत तीन वर्षांपुरतेच न्यायालयात चालू लागले. हेतू असा की, व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळास बोलावून मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे खत लिहून घेऊ लागला. जुने व्याज नव्या खतात मुद्दल झाले, आणि दामदुप्पटीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दरमहा दरशेकडा दोन रुपये, हा काही त्या काळचा फार कडक दर नव्हे. शंभर रुपयांवर तीन वर्षांत बहात्तर रुपये व्याज चढते. नवे खत एकशे बहात्तरांचे. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे दोनशे शहाण्णवांचे, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस पाचशे नऊंचे. कुळाने ह्या काळात नवे कर्ज एक पैचेही घेतलेले नाही! दामदुप्पटीचा नियम पुस्तकात तसाच होता. कुळ मात्र पाचपटीने बुडाले होते.

ह्या आगीत तेल पडले ते दूरच्या अमेरिकेतून. तेथील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडला जाणारा अमेरिकन कापूस थांबला आणि हिंदुस्थानातील कापसास सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला व शेतकऱ्यांनी कर्जे घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे गावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. बहुतेक ठिकाणी जमावाची मागणी एकच होती : खते आणि वह्या बाहेर काढा. त्या हाती पडल्या की भर चौकात त्यांची होळी होई. रोष माणसापेक्षा कागदावर अधिक होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. खतातील आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार काय झाला हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. ह्या कायद्याखालील न्यायाधिकारी म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी काम केले. कायद्याने अन्याय आवरेल, पण कर्जाची गरज कशी आवरेल? शेतकऱ्यास बी-बियाणे पाहिजे, लग्नकार्य चुकत नाही, आणि दुसरा धनको नाही. म्हणून विल्यम वेडरबर्न ह्यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली, रानडे ह्यांनीही तिचा पुरस्कार केला; पण विलायतेतील भारतमंत्र्यांनी ती मान्य केली नाही. धनको एकच असेल तर दर तोच ठरवितो, हा सुप्याचा धडा आहे.

बाजाराचा दर आणि गावाचा दर

त्याच सुमारास मुंबईच्या बाजारात निराळेच चित्र होते. तेथे दर ऋतूप्रमाणे हले. पावसाळ्यात माल हलत नाही, पैसा पेढ्यांत पडून राहतो. तेव्हा इलाखा बँकांचा दर शेकडा तीन-चारांपर्यंत उतरे. दिवाळीनंतर वऱ्हाड-खानदेशाचा कापूस बंदरास येऊ लागला की, व्यापाऱ्यांस रोकड हवी होई आणि दर सात-आठांपर्यंत चढे. पैसा ही वस्तूच आहे. मागणी वाढली की तिचे भाडे वाढते, हे ह्यावरून उघड होते. पण हंगामातील सर्वांत चढा दरही गावच्या खतातील चोवीस टक्क्यांच्या पासंगास पुरत नव्हता. पुण्याच्या पेठेत स्वस्त असलेला पैसा सुप्यास पोहोचतच नव्हता.

ही दरी बुजविण्याचा मार्ग लोकांनीच काढला. आपली थोडी थोडी शिल्लक एकत्र करावी आणि आपल्यांतीलच गरजूस माफक दराने द्यावी, हे त्याचे सूत्र. बडोद्यास १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर ह्यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०६ साली मुंबईत श्रीपाद सुब्बराव तालमकी ह्यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी ह्यांच्या नावे सहकारी पतसंस्था स्थापिली. चित्रापूर सारस्वत ज्ञातीतील सामान्य नोकरदारांस सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा तिचा हेतू. एका ज्ञातीपुरती निघालेली ती संस्था पुढे सर्वांसाठी खुली बँक झाली. ज्ञातिसंस्थेने काय करावे ह्याचा हा वस्तुपाठच नव्हे काय?

जेथे माणसे एकमेकांस ओळखतात तेथे जोखीम कमी, आणि जोखीम कमी म्हणून दरही कमी, हे सहकाराचे रहस्य होय. मात्र त्याची चाल मंद होती. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली करविलेल्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जांपैकी शेकडा तीनांच्या आसपासच कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत होते आणि शेकडा सत्तरांच्या आसपास सावकारांकडून. ज्या समितीने हा अहवाल लिहिला तीत आपले धनंजयराव गाडगीळ होते.

रिझर्व्ह बँक आणि स्वस्त पैशाचे युग

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि व्याजाच्या दरास देशभर एक सुकाणू मिळाले. बँकांची ही बँक ज्या दराने इतर बँकांस पैसा पुरवी, तो बँक दर. तो चढला की बँकांस पैसा महाग पडतो, त्या कर्जदारांकडून अधिक घेतात व ठेवीदारांस अधिक देऊ लागतात. महाग कर्ज काढून साठेबाजी परवडत नाही, नवे बांधकाम लांबणीवर पडते, मागणी ओसरते आणि भाव थंडावतात. दर उतरला की हेच चक्र उलट फिरते : कारखानदार नवे यंत्र आणतो, रोजगार वाढतो, पण अती झाल्यास भाव भडकतात. घोड्याचा लगाम आणि चाबूक एकाच हाती असावा तसे हे आहे.

नोव्हेंबर १९३५ मध्ये हा दर शेकडा तीन झाला आणि पुढे सोळा वर्षे तेथेच राहिला. मध्यंतरी दुसरे महायुद्ध होऊन गेले. युद्धखर्चासाठी नोटा वाढल्या, आणि १९३९ च्या ऑगस्टातील भाव शंभर धरल्यास १९४३-४४ मध्ये ते दुपटीहून अधिक झाले. पेन्शनर मंडळी आणि विधवा भगिनी ज्या तीन-साडेतीन टक्क्यांच्या सरकारी कागदांवर विसंबून होत्या, त्यांचे व्याज वेळेवर येत होते. त्या व्याजात येणारे धान्य मात्र निम्म्याहून कमी झाले. झीज ही तिसरी गोष्ट येथे प्रथम एवढ्या उग्र रूपाने आपल्या घरांत शिरली.

रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते अर्थमंत्री असताना, १५ नोव्हेंबर १९५१ पासून, बँक दर साडेतीनांवर गेला आणि स्वस्त पैशाचे युग संपले. त्याबरोबर सरकारी कागदांच्या किमती उतरल्या. ह्याचे कारण पुष्कळांस उमगत नाही, म्हणून सांगतो. ज्या कागदावर दरसाल तीन रुपयेच मिळावयाचे, आणि मुद्दल परत मिळण्याची मुदतच नाही, तो कागद नवा कागद साडेतीन देत असता शंभरास कोण घेईल? त्याची किंमत उतरून शहाऐंशीच्या आसपास येईल, तेव्हाच त्यावरील तीन रुपये साडेतीन टक्के भरतील. दर चढला की नव्या ठेवीदाराचा लाभ आणि जुन्या कागदवाल्याची हानी, असा हा न्याय आहे.

१९७१ ते १९७६ : आमच्या निधीची गोष्ट

आता त्या भगिनीच्या हजार रुपयांकडे वळू. १९६४ पासून ठेवींचे दर बाजारात न ठरता रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ठरू लागले होते. १९७१ नंतर बांगलादेशचे युद्ध, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ ची तेलाची दरवाढ अशी संकटे एकामागून एक कोसळली. १९७०-७१ चे घाऊक भाव शंभर धरले तर १९७४-७५ मध्ये ते १७५ च्या घरात गेले. १९७३-७४ मध्ये वर्षाची भाववाढ शेकडा वीस, तर १९७४-७५ मध्ये पंचवीस झाली. जुलै १९७४ मध्ये बँक दर सातावरून एकदम नवावर नेण्यात आला, आणि पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या नव्या ठेवींस शेकडा दहापर्यंत व्याज देण्यात आले. पण पंचवीसांपुढे दहा ते काय!

समजा, त्या निधीतून पाच वर्षे एकही पुस्तक दिले नसते आणि सव्वासात टक्क्यांचे सर्व व्याज मुद्दलात मिळविले असते. १९७६ च्या सुमारास हजाराचे १,४१९ रुपये झाले असते. परंतु १९७०-७१ मध्ये हजार रुपयांस येणारा माल १९७५-७६ मध्ये १,७३० रुपयांस पडत होता. म्हणजे सर्व व्याज राखूनही निधीची खरी किंमत ८२० रुपयेच राहिली असती. आम्ही तर दरसाल व्याज खर्च करीत होतो! आम्हांस वाटत होते की आम्ही व्याज वाटतो आहोत. वास्तविक आम्ही मुद्दलच थोडे थोडे वाटीत होतो. भाववाढीइतके जे व्याज, ते व्याज नव्हे. ते मुद्दलाच्या झिजेची भरपाई होय. एवढे एक वाक्य वाचकांनी गाठीस बांधले तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

हा पैसा गेला कोठे? ठेवीदाराने जे गमावले ते कोणा कर्जदारास मिळाले, आणि त्या काळी सर्वांत मोठा कर्जदार सरकार होते. बँकांस आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवावाच लागे. १९९० च्या सुमारास तो शेकडा साडेअडतीसपर्यंत चढला होता. त्यातून धरणे झाली, पोलादाचे कारखाने झाले, हे नाकारता येत नाही. पण त्या कार्यात पुस्तकांवाचून राहिलेल्या मुलींचाही वाटा होता, एवढे नोंदवून ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

दर मोकळे झाले

पुढील काळ अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. १ एप्रिल १९८८ पासून टपाल कार्यालयात किसान विकास पत्र मिळू लागले. साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट! जणू जुनी दामदुप्पट सरकारनेच घरपोच आणली. तेच पत्र २०१४ साली पुन्हा सुरू झाले तेव्हा दुप्पट होण्यास शंभर महिने लागणार होते. बहात्तर ह्या आकड्यास दराने भागले की दुप्पट होण्याची वर्षे अदमासे कळतात, हा ठोकताळा मुलांस अवश्य शिकवावा. हाच ठोकताळा महागाईसही लागू पडतो : भाववाढ सहा टक्के असेल तर बारा वर्षांत रुपयाचा अर्धा रुपया होतो.

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात बँक दर बारा टक्क्यांवर गेला. त्यानंतर सुधारणांचे पर्व आले. ऑक्टोबर १९९७ पर्यंत मुदत ठेवींचे दर आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचाही दर बँकांनी स्वतः ठरवावा, असे झाले. जुन्या बँक दराची जागा आता रेपो दराने घेतली आहे. सरकारी रोखे तारण ठेवून बँका रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचा पैसा उचलतात, त्यावरील हा दर. २०१६ पासून तो सहा सभासदांची समिती ठरविते. तिघे रिझर्व्ह बँकेचे आणि तिघे बाहेरचे. भाववाढ शेकडा चारांच्या आसपास, दोहों बाजूंस दोनाच्या अंतरात राखावी, असे उद्दिष्ट त्या वर्षी कायद्यान्वये तिला नेमून देण्यात आले.

ह्या समितीपुढील पेच सोपा नसतो. २०२० मध्ये महामारीने व्यवहार ठप्प झाले तेव्हा रेपो दर शेकडा चारांवर आणला गेला. कर्जदारांस श्वास घेता आला. पण २०२०-२१ मध्ये किरकोळ भाववाढ सरासरी सहाच्या वर होती, आणि मोठ्या बँका वर्षा-दोन वर्षांच्या ठेवींस पाचांच्या आसपासच देत होत्या. निवृत्त माणसाच्या ठेवीची झीज होत होती ती अशी. मे २०२२ पासून दर चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोहोचला. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरू लागला. चढत्या दराचा भार कोणावर पडतो तेही पाहा. वीस लाखांचे घरकर्ज वीस वर्षांत फेडावयाचे तर सात टक्क्यांनी मासिक हप्ता साडेपंधरा हजारांच्या आसपास, आणि नऊ टक्क्यांनी अठरा हजारांच्या आसपास पडतो. एकाच घरात वडील ठेवीदार आणि मुलगा कर्जदार असतो. वडिलांच्या सुखास मुलाचे दुःख आणि मुलाच्या सुखास वडिलांचे, अशी ही स्थिती आहे. म्हणून दर चढला की सरकार वाईट किंवा उतरला की चांगले, असा घाईचा निवाडा सुज्ञांनी करू नये.

लोभाविषयी एक इशारा

झिजेच्या धास्तीने कोणी अवाच्या सवा व्याजामागे धावू नये, म्हणून जोखमीचे स्मरण पुन्हा करून देतो. १९६० साली केरळातील पालई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. त्या धक्क्यातून ठेवविम्याचा कायदा १९६१ साली झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारास दर बँकेमागे दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. ती मर्यादा १९९३ मध्ये एक लाख आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. खाजगी भिशी, नातलगांची पेढी, किंवा दरमहा दोन-तीन टक्के देऊ म्हणणारा गोडबोल्या गृहस्थ ह्यांस हे छत्र नाही. सर्व बँका सात देत असता कोणी चोवीस देऊ म्हणतो, तेव्हा वरचे सतरा हे व्याज नसून आपल्या मुद्दलावर लावलेला जुगार असतो. कौटिल्याच्या समुद्रावरील वीस पणांची येथे आठवण ठेवावी.

आपण काय करावे

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने ठेव ठेवताना तीन प्रश्न विचारावेत. दर किती? महागाई किती? आणि मुद्दल किती सुरक्षित? ह्यांतील पहिला प्रश्न सर्वजण विचारतात, तिसरा थोडे लोक विचारतात आणि दुसरा जवळजवळ कोणीच विचारीत नाही. सर्व पुंजी एकाच जागी आणि एकाच मुदतीत अडकवू नये. काही मुदती लवकर, काही उशिरा संपाव्यात, म्हणजे दर चढला तर त्याचा लाभ थोडा तरी मिळतो.

संस्थेच्या निधींविषयी आमची नम्र सूचना अशी आहे. दात्याच्या संमतीने यापुढे निम्मे व्याज मुद्दलात मिळवावे व निम्मेच खर्च करावे. १९७१ पासून असे केले असते तर, दर सव्वासात हाच कायम धरून, पन्नास वर्षांत त्या हजाराचे सुमारे ५,९०० रुपये झाले असते आणि पुस्तकांसाठी दरसाल दोनशे रुपयांहून थोडे अधिक मिळाले असते. महागाईची बरोबरी एवढ्याने झाली नसती, हे आम्ही मान्य करतो. शिवाय पहिली जवळजवळ वीस वर्षे मुलींस साडेबहात्तर रुपयांहून कमीच मिळाले असते. आजच्या मुलीचे पुस्तक कमी करून उद्याच्या मुलीस द्यावे काय, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. म्हणून दुसरी सूचना : जुन्या निधींत ज्या त्या घराण्याच्या वारसांनी आणि इतर सभासदांनी शुभकार्याच्या निमित्ताने यथाशक्ती भर घालावी. मुद्दल एकदा दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे समजू नये. झाडास एकदा लावून भागत नाही, पाणीही घालावे लागते.

हा लेख लिहून होता होता आम्ही ती जुनी कीर्द पुन्हा उघडली. पहिल्या वर्षी ज्या मुलीस पुस्तके मिळाली तिची पोचेवरील सही बालबोध, गोल अक्षरात आहे. ती आज कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. पण तिच्या मांडीवर आता नातवंडे असतील, आणि मुद्दलापेक्षा व्याज गोड असे तीही म्हणत असेल. हे व्याज गोड लागावे, असे वाटत असेल तर मुद्दलाची काळजी सर्वांनी मिळून वाहिली पाहिजे. येत्या वार्षिक सभेत त्या भगिनीच्या निधीचा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्ञातिबंधुभगिनींनी त्या वेळी अगत्याने उपस्थित राहावे, एवढीच प्रार्थना.